प्रात्यक्षिक आणि प्रचीती : सॉफ्टवेअर-चाचणीच्या साधनांची परिषदांतील वाटचाल

१. प्रश्नाचे स्वरूप

नवे साधन विद्वत्सभेपुढे चालवून दाखवावे आणि सभेने ते डोळ्यांनी पाहून त्याविषयी आपले मत बनवावे, ही ज्ञानव्यवहारातील जुनी रीत आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीने १६६२ साली रॉबर्ट हूक यांच्याकडे प्रयोगांची व्यवस्था सोपविली ती याच हेतूने. प्रयोग सभासदांसमोर व्हावा, तो अनेकांनी एकत्र पाहावा आणि पाहणाऱ्यांच्या साक्षीने त्याचा निष्कर्ष ग्राह्य ठरावा, ही त्यामागील भूमिका होती. संगणकशास्त्राच्या परिषदांत साधनांच्या प्रात्यक्षिकांसाठी जे स्वतंत्र सत्र राखून ठेवलेले असते, त्याचे कूळ या जुन्या रीतीपर्यंत नेऊन भिडविता येते.

तथापि संगणकशास्त्राच्या एका शाखेला ही रीत विशेष अडचणीची आहे. ही शाखा म्हणजे सॉफ्टवेअरची चाचणी व विश्लेषण. एखादा प्रोग्रॅम काही वेळा बरोबर चालला, एवढ्याने तो निर्दोष ठरत नाही, हे या शाखेचे आद्य तत्त्व होय. १९६९ च्या ऑक्टोबरात रोम येथे नाटोच्या आश्रयाखाली सॉफ्टवेअर-अभियांत्रिकीविषयी जी परिषद भरली, तीत एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी हे तत्त्व नेमक्या शब्दांत मांडले. चाचणीने दोषाचे अस्तित्व सिद्ध करता येते, दोषाचा अभाव सिद्ध करता येत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आता प्रात्यक्षिक म्हणजे तरी काय? कर्त्याने स्वतः निवडलेल्या उदाहरणावर, कर्त्याच्याच यंत्रावर, कर्त्याच्याच हाताने एकदा चालविलेले साधन. म्हणजे जी विद्या इतरांच्या प्रोग्रॅमविषयी मोजक्या यशस्वी फेऱ्यांवर विश्वास ठेवू नका असे बजावते, तीच विद्या आपल्या साधनांविषयी मात्र एका यशस्वी फेरीवर विश्वास ठेवण्याची विनंती दीर्घकाळ करीत आली. या विसंगतीची जाणीव कशी होत गेली आणि तिच्या निरसनासाठी कोणते उपाय योजले गेले, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विसंगतीचे मर्म ध्यानात येण्यासाठी साधनांचे दोन प्रकार लक्षात घेतले पाहिजेत. प्रोग्रॅमला निरनिराळी आदाने पुरवून तो प्रत्यक्ष चालविणारी आणि त्याचे वर्तन तपासणारी साधने ही चाचणीची होत. प्रोग्रॅम न चालविता त्याचा पाठ वाचून दोष हुडकणारी साधने ही विश्लेषणाची होत. दोन्ही प्रकारची साधने दोन तऱ्हांनी चुकतात. असलेला दोष त्यांच्या नजरेतून निसटतो, किंवा नसलेला दोष असल्याची हाकाटी ती करतात. व्यासपीठावरील प्रात्यक्षिकात यांपैकी कोणतीही चूक दृष्टीस पडणे कठीण असते. निसटलेला दोष निसटला म्हणूनच दिसत नाही. आणि खोटी हाकाटी ज्या उदाहरणात होते ते उदाहरण प्रात्यक्षिकासाठी निवडलेच जात नाही. यात अप्रामाणिकपणा असतोच असे नव्हे. वकील आपल्या पक्षकाराची बाजू मांडतो, तसा कर्ता आपल्या साधनाची बाजू मांडतो. फरक एवढाच की न्यायालयात उलटतपासणीची सोय असते; परिषदेच्या सभागृहात ती बराच काळ नव्हती.

२. यंत्राला बांधलेली साधने

१९७५ च्या एप्रिल महिन्यात लॉस एंजेलिस येथे विश्वसनीय सॉफ्टवेअर या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. चाचणीच्या इतिहासात तिचे स्थान मोठे आहे. जॉन गुडइनफ व सुसान गेरहार्ट यांनी तेथे, आदानांचा एखादा संच पुरेसा आहे असे केव्हा म्हणता येईल, या प्रश्नाची तात्त्विक मांडणी केली. त्याच परिषदेत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या रॉबर्ट बॉयर, बर्नार्ड एल्स्पास व कार्ल लेव्हिट यांनी ‘सिलेक्ट’ या साधनाचे, आणि आयबीएमच्या जेम्स किंग यांनी चाचणीच्या एका नव्या पद्धतीचे विवेचन केले. दोहोंची कल्पना मुळात एकच होती. प्रोग्रॅमला पाच किंवा सात अशी विशिष्ट संख्या न देता अक्षरचिन्ह द्यावे, प्रत्येक फाट्यावर त्या चिन्हाविषयीची अट नोंदवीत जावे, आणि अखेरीस त्या अटींवरून अमुक मार्गाने जाण्यासाठी कोणते आदान हवे ते काढावे. किंग यांचे ‘एफिजी’ या नावाचे साधन १९७६ च्या निबंधामुळे सर्वश्रुत झाले. त्याच वर्षी कोलोरॅडो विद्यापीठातील लिऑन ऑस्टरवाइल व लॉइड फॉस्डिक यांनी ‘डेव्ह’ या साधनाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. फोरट्रान भाषेतील प्रोग्रॅम वाचून, मूल्य देण्यापूर्वीच एखादे चल वापरले गेले आहे काय, यासारखे दोष ते दाखवीत असे.

ही साधने परिषदेत चालवून दाखविणे त्या काळी सोपे नव्हते. संगणक हा दालन व्यापणारा असे, आणि साधन त्या यंत्राशी, त्याच्या भाषेशी व त्याच्या कार्यप्रणालीशी जखडलेले असे. सभागृहात बसून दूरच्या संगणकावरील काम दाखविण्यास किती सायास पडत, याचे उदाहरण प्रसिद्धच आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत डग्लस एंगलबार्ट यांनी सुमारे ९० मिनिटांचे जे प्रात्यक्षिक केले, त्यासाठी मेन्लो पार्क येथील यंत्राशी सूक्ष्मलहरींच्या साहाय्याने खास संपर्क जोडावा लागला होता. चाचणीच्या एखाद्या साधनासाठी असा खटाटोप कोण करणार? त्यामुळे त्या काळातील पुरावा प्रामुख्याने छापील स्वरूपाचा होता. निबंधात एक छोटा प्रोग्रॅम द्यावयाचा, साधनाने त्याविषयी काय सांगितले ते त्याखाली छापावयाचे, आणि वाचकाने त्यावरून साधनाची योग्यता ठरवावयाची. वाचक साक्षीदार होता खरा, परंतु त्याची साक्ष ऐकीव होती. प्रत्यक्ष प्रयोगाऐवजी प्रयोगाच्या वर्णनावर त्याला विसंबावे लागे.

३. बॅन्फपासून केंब्रिजपर्यंत

चाचणी व विश्लेषण यांनाच वाहिलेल्या सभांची परंपरा १९८० च्या दशकात स्थिरावली. कॅनडातील बॅन्फ येथे १९८६ आणि १९८८ साली कार्यसत्रे झाली. १९८९ च्या डिसेंबरात फ्लॉरिडातील की वेस्ट येथे आणि १९९१ साली व्हिक्टोरिया येथे परिसंवाद झाले. आणि १९९३ साली मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे या मालिकेने ‘सॉफ्टवेअर-चाचणी व विश्लेषण यांचा आंतरराष्ट्रीय परिसंवाद’ हे नाव धारण केले. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘इस्टा’ या नावाने ती आजही ओळखली जाते.

बॅन्फच्या १९८८ च्या सभेत ‘मोथ्रा’ या साधनाचा विस्तृत परिचय करून देण्यात आला. रिचर्ड डीमिलो, जेफ ऑफट आदींनी सिद्ध केलेले हे साधन ज्या विचारावर उभे होते, तो डीमिलो, रिचर्ड लिप्टन व फ्रेडरिक सेवर्ड यांनी १९७८ साली मांडला होता. फोरट्रान-७७ मधील मूळ प्रोग्रॅममध्ये मोथ्रा एकेक बारीक बदल हेतुपुरस्सर घडवून आणी. अधिकाच्या जागी उणे, ‘पेक्षा लहान’च्या जागी ‘पेक्षा लहान किंवा बरोबर’, अशा स्वरूपाचे २२ प्रकारचे बदल त्यात योजलेले होते. बिघडविलेला प्रोग्रॅम आणि मूळ प्रोग्रॅम यांतील फरक ज्या चाचण्यांना ओळखता येत नाही, त्या चाचण्या दुबळ्या, असा निर्णय त्यावरून करावयाचा. तात्पर्य, येथे चाचणीचीच चाचणी घेतली जात होती. परीक्षकाचीही परीक्षा झाली पाहिजे हा विचार या शाखेत एवढ्या लवकर रुजलेला असूनही, तो स्वतःच्या प्रात्यक्षिकांना लावून पाहण्याचे मात्र पुष्कळ काळ कोणास सुचले नाही, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

याच सुमारास विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील वर्गात एक निराळाच प्रयोग चालू होता. वादळी रात्री दूरध्वनीच्या तारेवरून संगणकाशी संपर्क साधताना, खरखरीमुळे मध्येच घुसणाऱ्या निरर्थक अक्षरांनी नित्याचे प्रोग्रॅम कोलमडून पडतात, असा अनुभव बार्टन मिलर यांना आला. त्यावरून १९८८ साली त्यांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एक प्रकल्प नेमून दिला. निरर्थक अक्षरांचा यादृच्छिक प्रवाह निर्माण करावा आणि तो युनिक्सवरील नेहमीच्या उपयुक्त प्रोग्रॅमांना पाजून पाहावा, असे त्याचे स्वरूप होते. मिलर, लार्स फ्रेडरिकसेन व ब्रायन सो यांनी १९९० साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. युनिक्सच्या सात आवृत्त्यांवरील नव्वदीच्या घरातील प्रोग्रॅम तपासले असता त्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा कोसळला किंवा अडकून पडला. ‘फझ’ या नावाने ही पद्धत पुढे जगभर पसरली.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या निकालापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे, मिलर व त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपले साधन आणि त्याने काढलेले निष्कर्ष सर्वांसाठी खुले ठेवले. ज्याला शंका असेल त्याने ते साधन उतरवून घ्यावे आणि आपल्याच यंत्रावर चालवून पाहावे. १९९५ साली याच गटाने प्रयोगाची पुनरावृत्ती केली तेव्हा, १९९० मध्ये दाखवून दिलेल्या दोषांपैकी कित्येक दोष अद्याप तसेच असल्याचे आढळले. दोष दाखविल्याने तो दुरुस्त होतोच असे नाही, हा त्यातील एक धडा. पण दुसरा धडा असा की, साधन खुले असल्यामुळे पाच वर्षांनंतरही तीच मोजपट्टी पुन्हा लावता आली आणि तुलना अर्थपूर्ण झाली.

४. समाईक उदाहरणांचा उदय

साधन खुले झाले तरी ते कोणत्या उदाहरणांवर पारखावयाचे, हा प्रश्न उरतोच. प्रत्येक कर्ता आपापली उदाहरणे घेऊन आला तर दोन साधनांची तुलना होऊ शकत नाही. १९९४ साली इटलीतील सोरेंटो येथे भरलेल्या सॉफ्टवेअर-अभियांत्रिकीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत सीमेन्सच्या प्रिन्स्टन येथील संशोधकांनी, मोनिका हचिन्स, हर्बर्ट फॉस्टर, तरक गोरडिया व थॉमस ओस्ट्रँड यांनी, सात लहान सी-प्रोग्रॅम आणि त्यांच्या हेतुपुरस्सर दोष पेरलेल्या सुमारे १३० प्रती वापरून चाचणीच्या निकषांची तुलना केली. या सात प्रोग्रॅमांचा संच पुढे इतरांनी इतक्या वेळा वापरला की ‘सीमेन्स संच’ हे सामान्यनामच होऊन बसले. ह्यूनसूक दो, सेबास्टियन एल्बाउम व ग्रेग रॉदरमेल यांनी अशा सामग्रीचे एक सार्वजनिक भांडार उभारून २००५ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

परंतु पेरलेला दोष आणि नैसर्गिकपणे झालेला दोष यांत अंतर असते. शेकडो ओळींच्या प्रोग्रॅममध्ये माणसाने मुद्दाम घातलेली चूक शोधणारे साधन लाखभर ओळींच्या प्रोग्रॅममधील खरी चूक शोधीलच, याची शाश्वती कोण देणार? ही उणीव भरून काढणारे कार्य २०१४ साली कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील इस्टा परिसंवादात सादर झाले, आणि तेही मुख्य निबंध म्हणून सादर झाले नाही. साधन-प्रात्यक्षिकांच्या सत्रातील चार पानी टिपण म्हणून ते आले. रेने युस्ट, दारिऊश जलाली व मायकेल अर्न्स्ट यांनी तेथे मांडलेल्या ‘डिफेक्ट्स-फॉर-जे’ या संग्रहात जावा भाषेतील पाच वापरात असलेल्या प्रकल्पांमधून वेचलेले ३५७ खरे दोष होते. दर दोषामागे सदोष प्रत, दुरुस्त प्रत आणि दोष उघडकीस आणणारी निदान एक चाचणी, असा नेटका संच त्यांनी बांधून दिला होता. दुरुस्तीशी संबंध नसलेले बदल वगळून दोष तेवढा वेगळा काढण्याचे किचकट काम त्यांनी हातांनी तपासून केले. २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीत हा संग्रह १७ प्रकल्पांतील ८३५ दोषांपर्यंत वाढला.

प्रात्यक्षिकाच्या संकल्पनेत येथे गुणात्मक पालट झालेला दिसतो. आजवर प्रात्यक्षिकात साधन दाखविले जात होते. या प्रसंगी ज्याच्यावर इतरांची साधने पारखावीत ती कसोटीच दाखविली गेली. त्यानंतर प्रोग्रॅमची आपोआप दुरुस्ती करणाऱ्या किंवा दोषाची जागा हुडकणाऱ्या साधनाविषयी निबंध लिहिणाऱ्यास, डिफेक्ट्स-फॉर-जेवरील निकाल काय, या प्रश्नाला सामोरे जाणे जवळजवळ अपरिहार्य झाले.

५. उलटतपासणीचा प्रसंग

सामग्री खुली असण्याचे फळ नेहमीच कर्त्याला गोड लागते असे नाही. २०१२ साली झुरिच येथील परिषदेत क्लेअर ल गूज व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जेनप्रॉग’ या साधनाविषयीचा निबंध सादर केला. प्रोग्रॅममधील दोष हे साधन आपोआप दुरुस्त करते. १०५ खऱ्या दोषांपैकी ५५ दोषांसाठी त्याने दुरुस्त्या सुचविल्या आणि दर दुरुस्तीमागे संगणकाच्या भाड्याचा खर्च सुमारे आठ डॉलर आला, असा त्याचा सारांश होता. निबंधाचा प्रभाव फार मोठा पडला. स्वयंचलित दुरुस्ती ही स्वतंत्र शाखाच जणू त्यातून बहरली.

तीन वर्षांनंतर, २०१५ साली बाल्टिमोर येथील इस्टा परिसंवादात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या झीचाओ ची, फॅन लाँग, सारा अशूर व मार्टिन रिनार्ड यांनी, जेनप्रॉग आणि त्याच धर्तीच्या आणखी दोन साधनांनी सुचविलेल्या दुरुस्त्या एकेक करून तपासल्या. बहुसंख्य दुरुस्त्या खऱ्या अर्थाने दुरुस्त्या नव्हत्या, असे त्यांना आढळले. चाचणी घेणाऱ्या लिपीत काही ठिकाणी प्रोग्रॅमने दिलेले उत्तर पाहिलेच जात नव्हते, तो कोणत्या संकेतांकासह संपला एवढेच पाहिले जात होते. त्यामुळे चुकीचे उत्तर देणारा प्रोग्रॅमही उत्तीर्ण ठरत होता. पुष्कळ दुरुस्त्यांचा परिणाम तर एवढाच होता की, प्रोग्रॅममधील काही कार्य काढून टाकले गेले. कार्यच उरले नाही तेव्हा त्यातील दोषही दिसेनासा झाला. १०५ दोषांपैकी जेनप्रॉगने खरोखर बरोबर दुरुस्त केलेले दोष त्यांच्या मते दोनच होते.

या प्रकरणातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, मोथ्रा ज्या दुबळ्या चाचण्यांविषयी सावध करीत होता, त्याच दुबळ्या चाचण्यांनी येथे घात केला. विद्येचे तत्त्व विद्येलाच लागू करण्यात कसूर झाली. दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. मूळ संशोधकांनी आपल्या दुरुस्त्या आणि सामग्री खुली ठेवली होती म्हणूनच हे खंडन शक्य झाले. ज्यांनी काहीच खुले ठेवले नाही त्यांचे खंडन करणे कोणाला शक्य नव्हते, आणि म्हणून त्यांचे निष्कर्ष अबाधित राहिल्यासारखे दिसत होते. खंडनास वाव देणारा निष्कर्ष हाच शास्त्रीय दृष्ट्या श्रेष्ठ, हे येथे स्पष्ट होते. मूळ संशोधकांच्या गटानेही २०१५ सालीच ‘मेनीबग्ज’ व ‘इंट्रोक्लास’ हे दोषसंग्रह तपशीलवार वर्णनासह प्रसिद्ध केले, ही गोष्ट त्यांच्या संशोधनवृत्तीची द्योतक आहे.

व्यापक पाहणीतूनही अशीच निष्पत्ती झाली. ॲरिझोना विद्यापीठाच्या क्रिश्चन कोलबर्ग व टॉड प्रोब्स्टिंग यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संगणकप्रणालींविषयीचे ६०१ निबंध घेतले होते. त्यांपैकी ४०२ निबंधांचे निष्कर्ष प्रोग्रॅमवर आधारलेले होते. त्या प्रोग्रॅमचा मूळ पाठ मिळवून तो तीस मिनिटांच्या आत बांधून तयार करता येतो काय, एवढीच माफक कसोटी लावली असता ती ३२.३ टक्के निबंधांना उतरली; अधिक वेळ दिल्यावरही हे प्रमाण ४८.३ टक्क्यांपर्यंतच गेले. निष्कर्ष बरोबर येतात की नाही हा पुढचा प्रश्न; येथे साधन मुळात उभेच राहत नव्हते. २०१८ साली जॉर्ज क्लीस, मायकेल हिक्स आदींनी फझ-चाचणीवरील ३२ निबंधांची छाननी केली, तेव्हा एकही निबंध मूल्यमापनाच्या दृष्टीने निर्दोष निघाला नाही. ज्या पद्धतीचा पायाच यादृच्छिकता आहे, तिची एकच फेरी घेऊन श्रेष्ठता ठरविणे म्हणजे नाणे एकदा उडवून त्याचा स्वभाव सांगण्यासारखे होय. आणि पुष्कळ निबंधांत नेमके तेच घडले होते.

६. समित्या आणि स्पर्धा

या अनुभवांच्या पार्श्वभूमीवर दोन नव्या संस्था आकारास आल्या. पहिली म्हणजे संशोधन-सामग्रीचे परीक्षण करणारी समिती. २०११ साली हंगेरीतील सेगेद येथे भरलेल्या सॉफ्टवेअर-अभियांत्रिकीच्या परिषदेत तिचा प्रारंभ झाला. निबंध स्वीकारला गेल्यानंतर कर्त्याने आपले साधन, आदाने व सूचना समितीकडे सोपवावयाच्या. समितीच्या सभासदांनी ते साधन स्वतःच्या यंत्रावर चालवून निबंधातील विधानांशी ताडून पाहावयाचे. सामग्री देणे ऐच्छिक ठेवण्यात आले आणि परीक्षणाचा निकाल प्रतिकूल लागला तरी निबंधाचा स्वीकार रद्द होत नसे. असोसिएशन फॉर कंप्यूटिंग मशिनरी या संस्थेने २०१६ साली यासाठी मानचिन्हांची पद्धत घालून दिली. सामग्री उपलब्ध आहे, ती चालते, ती पुन्हा वापरता येते, आणि निष्कर्ष इतरांनाही मिळाले, अशा भिन्न पायऱ्यांसाठी भिन्न चिन्हे निबंधाच्या पहिल्या पानावर छापली जाऊ लागली.

दुसरी संस्था म्हणजे स्पर्धा. दिर्क बायर यांच्या पुढाकाराने २०१२ साली एस्टोनियातील टॅलिन येथे, साधने व पद्धती यांना वाहिलेल्या ‘टाकास’ परिषदेसमवेत, सॉफ्टवेअर-पडताळणीची पहिली स्पर्धा झाली. तीत दहा साधने व २७७ उदाहरणे होती. सर्व साधने एकाच प्रकारच्या यंत्रावर, एकाच नियमाने चालविण्यात येतात. दर उदाहरणामागे १५ मिनिटांचा प्रक्रियाकाल व १५ गिगाबाइट स्मृती ही मर्यादा अनेक वर्षे ठेवण्यात आली. गुणांकनाची रीत विशेष उद्बोधक आहे. खरा दोष दाखविल्यास एक गुण आणि निर्दोषत्व बरोबर सिद्ध केल्यास दोन गुण मिळतात; उलट, खोट्या हाकाटीबद्दल १६ आणि सदोष प्रोग्रॅमला निर्दोष ठरविल्याबद्दल ३२ गुण वजा करण्याचा नियम पुढे रूढ झाला. व्यासपीठावरील प्रात्यक्षिकात ज्या दोन चुका कधीच दिसत नसत, त्यांनाच येथे सर्वाधिक दंड ठेवलेला आहे. चाचण्या निर्माण करणाऱ्या साधनांसाठी अशीच वेगळी स्पर्धा २०१९ पासून सुरू झाली.

या स्पर्धेचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या पुणे येथील संशोधन केंद्रात तयार झालेले ‘व्हेरिॲब्स’ हे साधन २०१७ पासून या स्पर्धेत उतरले आणि २०२० व २०२१ या वर्षी, प्रोग्रॅम विवक्षित चुकीच्या स्थितीपर्यंत पोहोचू शकतो काय हे ठरविण्याच्या गटात, ते पहिले आले. टॅलिन किंवा डब्लिन येथील सभागृहात पुण्याच्या संशोधकाने किती प्रभावी भाषण केले, यावर हा निकाल अवलंबून नव्हता. निकाल सर्वांसमोर मांडलेल्या उदाहरणांवरून आणि सर्वांना सारख्याच लागू असलेल्या नियमांवरून लागला.

२०२० साली महामारीमुळे इस्टा परिसंवाद दूरस्थ पद्धतीने घ्यावा लागला आणि प्रात्यक्षिकांना चित्रफितीचे रूप आले. तत्पूर्वीही अनेक परिषदा प्रात्यक्षिकाच्या टिपणासोबत तीन ते पाच मिनिटांची चित्रफीत मागत असत. साधन कसे दिसते, कसे वापरावे, हे समजून घेण्यास ती उपकारक आहे, यात शंका नाही. परंतु पुरावा म्हणून तिचे मोल जिवंत प्रात्यक्षिकाहूनही कमी भरते. कारण सभागृहात निदान साधन अडखळण्याची शक्यता असते, चित्रफितीत ती कापून टाकता येते. अशा वेळी चित्रफितीसोबत चालते साधन मागण्याची प्रथा किती आवश्यक आहे, हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही.

७. समारोप

वर वर्णिलेल्या उपायांनी मूळची विसंगती पूर्णपणे मिटली, असे म्हणणे धाडसाचे होईल. परीक्षण-समितीला मिळणारी सामग्री कर्त्यानेच बांधून दिलेली असते, आणि समिती बहुधा त्यानेच निवडलेल्या उदाहरणांची उजळणी करते; म्हणजे प्रात्यक्षिक दुसऱ्याच्या हाताने झाले तरी त्याचे कथानक पुष्कळदा कर्त्याचेच राहते. समाईक संग्रहाचाही एक धोका आहे. एकच प्रश्नपत्रिका दरवर्षी आली की विद्यार्थी विषयाऐवजी प्रश्नपत्रिकेचा अभ्यास करू लागतात. तद्वत ठराविक दोषांवर घासूनपुसून तयार केलेले साधन अनोळखी दोषापुढे निष्प्रभ ठरू शकते. शिवाय साधने वृद्ध होतात. ज्या कार्यप्रणालीवर ती चालत होती तीच कालबाह्य झाली की दहा वर्षांपूर्वीचे मानचिन्ह केवळ स्मृतिचिन्ह उरते.

असे असले तरी जो पालट झाला त्याचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. १९७५ साली साक्षीदार होता तो परिषदेचा वृत्तांत वाचणारा. १९८८ साली तो बॅन्फपर्यंत प्रवास करू शकणारा. आज जो साधन उतरवून घेऊन चालवू शकतो तो कोणीही साक्षीदार होऊ शकतो. साक्षीचा अधिकार प्रवासखर्चावर व परिचयावर अवलंबून होता तो बव्हंशी सुटला. यापेक्षाही अर्थपूर्ण गोष्ट अशी की, सामग्री-परीक्षणाच्या समित्यांवर प्राध्यापकांपेक्षा पदव्युत्तर व संशोधक विद्यार्थ्यांचाच भरणा अधिक असतो. ज्येष्ठांच्या साधनाची उलटतपासणी करण्याचा अधिकार कनिष्ठांकडे आला आहे. रॉयल सोसायटीच्या सभेत प्रयोगाची व्यवस्था ज्येष्ठ सभासदांसाठी होती. चाचणी-विद्येच्या परिषदांनी तो क्रम उलटविला, आणि तसे करताना आपल्या आद्य तत्त्वाशी अधिक इमान राखले. ज्याला साधन यशस्वी झालेले पाहण्यात काही स्वारस्य नाही, त्याच्या हातीच ते सोपवावे, हेच त्या तत्त्वाचे सांगणे होते.